मनुस्मृती जाळली, पण घर कोणाचे?

२५ डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस आपण भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून साजरा करतो. भिवंडीतल्या विहारांमध्ये या दिवशी मला बोलायला बोलावतात तेव्हा मी समोरच्या तरुणांना एक साधा प्रश्न विचारते. बाबासाहेबांनी जी मनुस्मृती जाळली, तिच्यात नेमके काय लिहिले होते? बहुतेक वेळा उत्तर येते ते शूद्राच्या कानात शिसे ओतण्याचे. (तो नियम मनुस्मृतीतला नाही, गौतम धर्मसूत्रातला आहे. वादात हे चुकले की विरोधक आपल्याला तिथेच पकडतात, म्हणून सांगून ठेवते.) एखादी कॉलेजची मुलगी उठून सांगते की बाईने आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या ताब्यात राहावे असे त्यात आहे. ते बरोबर आहे. पण आठव्या अध्यायातल्या दोन श्लोकांबद्दल आजवर मला कोणी सांगितलेले नाही.

त्यातला २९९वा श्लोक सांगतो की बायको, मुलगा, दास, शिष्य आणि धाकटा सख्खा भाऊ यांनी चूक केली तर त्यांना दोराने किंवा वेळूच्या कांबीने मारावे. पुढचा श्लोक मारण्याची जागाही ठरवून देतो, पाठीवर मारावे, डोक्यावर नाही. आणि ४१६वा श्लोक म्हणतो की बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचे धन नसते. ते जे कमावतील ते त्यांच्या मालकाचे. १९५१ मध्ये 'महाबोधी' मासिकात हिंदू स्त्रीच्या अधोगतीला जबाबदार कोण, यावर बाबासाहेबांनी लेख लिहिला. त्यात मनूची ही दोन्ही वचने त्यांनी पुढे ठेवली आहेत. मारण्याचा अधिकार आणि मालकी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. ज्या घरात बाईच्या नावाची एक वीट नाही, तिथे तिला मारणे सोपे असते, कारण ती बोललीच तर तिला दाखवायला दरवाजा तयार असतो.

आता एक योगायोग पाहा. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९८अ लागू झाले ते २५ डिसेंबर १९८३ रोजी. दिल्लीत कोणी महाडची आठवण ठेवून ही तारीख निवडली असेल असे मला वाटत नाही. पण तारीख तीच आहे. दोराने मारण्याचा श्लोक कायद्याने त्या दिवशी थोडाफार फाडला. बायकोला धन नसते, घर तिचे नसते, हा श्लोक मात्र पुढची २३ वर्षे तसाच राहिला. या लेखात मला त्या दुसऱ्या श्लोकाबद्दल बोलायचे आहे.

आमच्याकडे विहारात महिला मंडळाची बैठक असते. लूमवर कांड्या भरणाऱ्या, गोदामात पॅकिंग करणाऱ्या बाया रविवारी येतात. एकदा एक बाई आली, हाताला सूज होती. तिच्या हातात पोलिसांनी दिलेली एनसीची पावती होती. बैठकीला बसलेले एक ज्येष्ठ बाबा समजुतीने म्हणाले, "ताई, केस टाकून घे, त्याला आत बसव." ती म्हणाली, "बाबा, त्याला आत बसवलं की सासू मला बाहेर काढंल. खोली सासऱ्याच्या नावावर हाय. आज रातच्याला पोरं घेऊन मी जाऊ कुठं?" कोणाकडेच उत्तर नव्हते. बाबांकडे नव्हते तसे ४९८अ कडेही नव्हते. ते कलम गुन्हेगाराला शिक्षा देते. रात्री बाई कुठे झोपेल हा त्याचा विषयच नाही.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या हायकोर्टात तो १८८४ पासून उभा आहे, फक्त उलट बाजूने. सुतार समाजातल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले होते. त्या आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, शिकल्या आणि सासरी नांदायला गेल्याच नाहीत. दादाजीने १८८४ मध्ये दावा लावला की बायको माझ्या ताब्यात द्या. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते असे सांगितले. टिळकांचे 'केसरी' आणि 'मराठा' कोणाच्या बाजूने होते हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये दादाजीच्या हातावर ठेवून तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

या खटल्यावर पुस्तके आहेत, सिनेमा आहे. आपल्या तरुणांनी त्यातली एकच गोष्ट पकडावी असे मला वाटते: कोर्टाचा हुकूम कोणाला होता? बाईला होता. ऊठ आणि त्या घरात जा. 'नांदवायला पाठवा' असा हुकूम मागण्याची सोय आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. आणि हो, बौद्धांनाही हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या वस्तीतला नवरा बायकोला मारतो, ती माहेरी जाते, आणि महिन्याभरात वकिलाची नोटीस येते की नांदायला ये. नोटिशीच्या वर 'जय भीम' लिहिलेले असले म्हणून आतला मजकूर बदलत नाही.

आपल्या चळवळीतल्या बायांना हे कळत होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब हजर होते. त्या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा आणि एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव केले. गिरणीत, शेतात राबणाऱ्या अस्पृश्य बायांनी १९४२ मध्ये! मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा आला १९४७ मध्ये. बाबासाहेबांनी त्या सभेत मुलींना सांगितले होते की लग्न झाल्यावर नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभी राहा, दासी होऊ नका. हे वाक्य आपण लग्नपत्रिकेत छापतो. परिषदेचे ठराव छापत नाही.

मग आले हिंदू कोड बिल. ९ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी बिल प्रवर समितीकडे पाठवताना केलेले भाषण मुळातून वाचा. बायको नवऱ्यापासून वेगळी राहून पोटगी कधी मागू शकते याची कारणे त्यांनी तिथे एकेक करून सांगितली आहेत: किळसवाणा रोग, रखेल ठेवणे, क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे, धर्म बदलणे, आणि इतर कोणतेही रास्त कारण. मुलीला वारसा, विधवेला मर्यादित हक्काऐवजी पूर्ण मालकी, हेही त्यात होते. म्हणजे बाबासाहेब दोन्ही श्लोकांवर एकाच वेळी हात घालत होते. क्रूरतेपासून सुटकाही हवी आणि मालमत्ताही. बिल तुकड्यातुकड्याने मारले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे आणखीही होती, पण शेवटचा घाव या बिलाचा होता.

नंतर १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. त्यातल्या हिंदू वारसा कायद्यात एक कलम २३ होते. ते फार कमी लोकांना माहीत आहे. बापाच्या राहत्या घरात मुलीला वाटा होता, पण पुरुष वारसांनी वाटणी केल्याशिवाय तिला वाटणी मागता येत नसे. राहण्याचा हक्कही फक्त कुमारिकेला, विधवेला, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला. नांदती मुलगी मार खाऊन आली तर? तिच्यासाठी त्या कलमात जागा नव्हती. सासरचे घर सासऱ्याचे, माहेरचे भावांचे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण तोही २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. कलम २३ अखेर गेले ९ सप्टेंबर २००५ रोजी. आणि चारच दिवसांनी, १३ सप्टेंबर २००५ रोजी, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

हा कायदा सुखासुखी आला नाही. १९७०-८० च्या दशकांत हुंडाबळींविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथल्या समाजसेविकांनी वर्षानुवर्षे तोच प्रश्न ऐकला: आज रात्री कुठे जाऊ? इंग्लंडने १९७६ मध्येच मारणाऱ्या नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा अधिकार कोर्टाला दिला होता. आपल्याकडे लॉयर्स कलेक्टिव्हने कायद्याचा मसुदा केला. २००२ मध्ये वाजपेयी सरकारने मात्र स्वतःचेच एक बिल आणले, आणि ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. त्यात वारंवार, सवयीने मारले तरच हिंसा. शिवाय स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी रास्त वागणूक केली असेल तर ती हिंसा नाही. बाईला घरात राहण्याचा हक्क? नाही. नवऱ्याला मात्र मालमत्तेचे रक्षण. ४१६वा श्लोक संसदेच्या कागदावर उतरला होता. महिला संघटनांनी विरोध केला, बिल समितीकडे गेले आणि २००४ च्या निवडणुकीबरोबर बारगळले.

नवा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कोर्टात त्याला सगळे 'डीव्ही' म्हणतात. त्यातली माझ्या मते सगळ्यात मोठी ओळ कलम १७ मध्ये आहे: एकत्र राहत असलेल्या घरात बाईला राहण्याचा हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. मारू नकोस, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नकोस, फोन करू नकोस, तिचे दागिने विकू नकोस. कलम १९ म्हणजे निवास आदेश. तिला घराबाहेर काढता येणार नाही. वेळ पडल्यास पुरुषाने घर सोडून जावे. किंवा तशाच दर्जाची दुसरी खोली घेऊन द्यावी अथवा भाडे भरावे. रखमाबाईच्या हुकुमाशी हे ताडून पाहा. ११९ वर्षांनी कोर्ट पुरुषाला म्हणू शकले, तू ऊठ.

शिवाय मारहाणीपुरती ही गोष्ट नाही. पगार काढून घेणे, खर्चाला पैसे न देणे, मूल होत नाही म्हणून टोमणे, जबरदस्तीचा संबंध, हे सगळे हिंसाचारात धरले आहे. लग्नाची नोंद नसलेली पण लग्नासारखी एकत्र राहणारी बाईही अर्ज करू शकते. मुसलमान, बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती, कोणत्याही धर्माची. भिवंडीसारख्या गावात याचे मोल वेगळे सांगायला नको. पॅसेजच्या अलीकडे राहणारी सलमा आणि पलीकडची संगीता, नावे काल्पनिक धरा, एकाच कलमाखाली एकाच कोर्टात उभ्या राहू शकतात. आणि अर्ज राहत्या ठिकाणी करता येतो, तात्पुरते राहत असाल तरीही. भिवंडीहून मार खाऊन परभणीला माहेरी गेलेल्या बाईला तारखेसाठी रेल्वेचे तिकीट काढायची गरज नाही.

कायदा झाला, पण श्लोक इतक्या लवकर मरत नाहीत. कायदा लागू होऊन दोन महिने व्हायच्या आत, १५ डिसेंबर २००६ रोजी, बत्रा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की घर सासूच्या नावावर असेल तर सुनेचा तिथे राहण्याचा हक्क नाही; नवऱ्याचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा त्याच्या एकत्र कुटुंबाचे घर पाहिजे. झाले. पुढची १४ वर्षे देशभर सासऱ्यांनी खोल्या आपल्याच नावावर आहेत हे दाखवून सुनांना बाहेर काढले. ही चूक तीन न्यायमूर्तींनी १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा खटल्यात दुरुस्त केली: सासऱ्याच्या मालकीचे घरही एकत्र राहण्याचे घर असू शकते. त्याआधी २०१७ मध्ये पुण्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सुनेला मोठा आधार दिला होता. सासऱ्याने फ्लॅट खाली करण्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावला होता. त्याच दाव्यात तिला डीव्हीखालचा निवास हक्क मागता येईल, असे कोर्ट म्हणाले. आणि मुंबईच्या हरसोरा खटल्यात, २०१६ मध्ये, कायद्यातले 'सज्ञान पुरुष' हे शब्दच काढून टाकले गेले. त्यामुळे मारणाऱ्या सासूविरुद्ध, भावजयीविरुद्धही अर्ज करता येतो. मात्र घर सोडून जाण्याचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही.

आता आपल्या तरुणांचे आक्षेप. एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, "ताई, पोलीस जातीयवादी आहेत, आपली पोरं आधीच कोठडीत सडतायत, आता घरातली भांडणंही त्यांच्याकडे न्यायची का?" भीती खरी आहे. पण म्हणूनच डीव्ही समजून घ्या. हा अर्ज दिवाणी स्वरूपाच्या सुटकेसाठी आहे. त्यात अटक नाही, कोठडी नाही. पोलिसांकडे न जाता संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ चा अर्ज करता येतो. गैरअर्जदाराला फक्त एवढेच सांगितले जाते की असे वागू नकोस. त्याने आदेश मोडला, तर मात्र कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुरुंगाचा दरवाजा उघडायचा की नाही हे त्या पुरुषाच्याच हातात आहे.

दुसरा आक्षेप खोट्या केसेसचा. हा शब्द आपल्या तोंडी येतो तेव्हा मला लाज वाटते. हाच शब्द ॲट्रॉसिटी कायद्याविरुद्ध कोण वापरते? जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४९८अ चा गैरवापर होतो म्हणून अटकेआधी कुटुंब कल्याण समित्यांची चाळणी लावली. २० मार्च २०१८ रोजी ॲट्रॉसिटीच्या गैरवापराचे कारण देऊन अटकेआधी चौकशी आणि परवानगीची चाळणी लावली. खंडपीठ दोन्ही वेळा त्याच दोन न्यायमूर्तींचे. पहिल्या वेळी आपण गप्प होतो. दुसऱ्या वेळी २ एप्रिलला भारत बंद केला. दोन्ही आदेश पुढे कोर्टाने स्वतःच मागे घेतले, पण शिकायचे ते आपण शिकलो का?

आणि कोणी म्हणत असेल की हे सवर्ण बायकांचे प्रश्न, आपल्यात बाई मोकळी असते, तर त्याने बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' वाचावे. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घालत, नाक कापत, हे त्यांनी आपल्याच महारवाड्याबद्दल लिहिले आहे. मनुस्मृती वाचता न येणाऱ्यांनीही ती पाळली होती.

कायदा कागदावर चांगला आणि अंमलबजावणीत लंगडा आहे, हे मी लपवणार नाही. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कलम १२ म्हणते. प्रत्यक्षात वर्षे जातात. संरक्षण अधिकारी नेमताना अनेक राज्यांनी आधीच कामाखाली दबलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात हा जादा पदभार टाकला. मे २०२५ मध्ये, म्हणजे कायद्याला जवळपास वीस वर्षे होत आल्यावर, सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. पण अंतरिम आदेश कलम २३ खाली लवकर मिळू शकतो, प्रतिज्ञापत्रावर, समोरचा हजर नसतानाही. तो मागायचाच. वकील परवडत नाही हे कारण चालत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील प्रत्येक बाईला मोफत आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले आहे की संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात. त्यामुळे 'आधी अहवाल आणा' म्हणून कोणी परत पाठवले तर परत यायचे नाही.

त्या बाईचा अर्ज आम्ही दुसऱ्याच आठवड्यात केला. अंतरिम आदेश यायला साडेचार महिने लागले. त्या काळात ती महिला मंडळातल्या एकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पोरांसह राहिली, आणि हे कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही. आदेश आला तेव्हा ती सासऱ्याच्या खोलीत परत गेली. नवरा आता बहिणीकडे राहतो आणि महिन्याचे पैसे कधी देतो, कधी थकवतो. थकबाकीचा अर्ज चालू आहे. बैठकीतले तेच बाबा मला नंतर म्हणाले, "खोली बापाच्या नावावर असताना कोर्टानं कसं काय दिलं?" मी त्यांना २०२० चा निकाल समजावून सांगितला. त्यांनी तो दोनदा ऐकून घेतला. मग विचारले की त्यांच्या भावाच्या सुनेलाही हे लागू होईल का. मी म्हटले, होईल, रविवारी तिला घेऊन या.